लढतीपूर्वीचे अनुमान

दोन तोडीस तोड मल्लांच्या शैली पारखून त्यांच्या लढतीचा निकाल आधी सांगता येतो का, हा प्रश्न मुळात ज्ञान कशाला म्हणायचे याचा आहे. न्यायदर्शनात अनुमान व्याप्तीवर, म्हणजे कधीही न तुटणाऱ्या साहचर्यावर, उभे राहते. जिथे धूर तिथे अग्नी, या नियमाला एकही अपवाद चालत नाही. ‘पहिल्याने दुसऱ्याला पाडले, दुसऱ्याने तिसऱ्याला, म्हणजे पहिला तिसऱ्याला भारी’ हा पारावरचा लाडका हिशोब या कसोटीला उतरत नाही.

बॉक्सिंगने त्याचा अपवाद ठळकपणे दाखवला. मार्च 1971 मध्ये जो फ्रेझरने न्यूयॉर्कला मुहम्मद अलीला गुणांवर हरवले. जानेवारी 1973 मध्ये जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझरला किंग्स्टनला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले. हिशोबाने अलीचा फोरमनपुढे निभाव लागायला नको होता. पण ऑक्टोबर 1974 मध्ये किन्शासाला अली आठव्या फेरीत जिंकला. फ्रेझर वाकून, डोलत अंगावर येई. त्या ठेवणीमुळे अलीचे लांब हात चुकवून त्याचा डावा हुक पोहोचे. तीच ठेवण फोरमनच्या खालून वर येणाऱ्या ठोशांच्या वाटेत सापडे. अलीने मात्र दोरांना पाठ टेकून फोरमनला ठोसे मारू दिले आणि दमवले. फ्रेझरची एकच सवय एकापुढे बळ ठरली, दुसऱ्यापुढे उणीव.

महाराष्ट्राने हे नोव्हेंबर 2023 मध्ये पाहिले. महाराष्ट्र केसरीच्या दोन वेगळ्या स्पर्धा त्या एकाच महिन्यात झाल्या. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेखने अंतिम लढतीत शिवराज राक्षेला झोळी डावावर चितपट केले. धाराशिवला त्याच राक्षेने 2020 चा महाराष्ट्र केसरी हर्षवर्धन सदगीर याच्यावर मात करून गदा घेतली. अवघ्या काही दिवसांत राक्षेची शैली बदलली नव्हती, समोरचा मल्ल बदलला होता.

मग बळ राहते कुठे? याचे सर्वांत नेमके उत्तर वैशेषिक दर्शनाच्या अनुयायांकडे, म्हणजे वैशेषिकांकडे, आहे. त्यांच्या मते संयोग हा गुण एका द्रव्यात राहत नाही, एकाच वेळी दोन द्रव्यांत राहतो. सहाव्या शतकाच्या सुमारास त्यांच्यातल्या प्रशस्तपादाने संयोगाचे प्रकार सांगितले. खांबावर ससाणा येऊन बसतो, तिथे हालचाल एकाचीच असते. दोघांच्या क्रियेतून होणाऱ्या संयोगाला त्याने दिलेले उदाहरण आहे समोरासमोरून येऊन भिडणाऱ्या दोन मल्लांचे. निकाल अनपेक्षित लागला की फडावर दैवाचे नाव निघते. वैशेषिकही अदृष्ट, म्हणजे न दिसणारे कारण, मानतात, चुंबकाकडे सुई ओढली जाते ते त्यावर सोपवतात. मल्लांच्या भिडण्याला मात्र त्यांनी दोघांचे कर्म, म्हणजे हालचाल, हेच कारण दिले, आणि ते योग्यच आहे.

भूम तालुक्यातल्या ईटच्या परिसरात, एकूणच मराठवाड्यात, जत्रेच्या फडावर जोड लावण्याची रीत या विचाराशी जुळते. दोन पोरांना खांद्याला खांदा लावून उभे करतात, उंची, मान, मांड्या पाहतात, वजनाचा अंदाज घेतात आणि मग हातात हात देतात. जाणता वस्ताद इथे कोण जिंकणार हे ठरवत नाही, कुस्ती रंगेल की नाही एवढेच पाहतो. लढतीपूर्वीच्या तुलनेचा खरा अधिकारही एवढाच आहे. कोण कोणत्या अंगाने पटात शिरतो, कोणाचा दम किती टिकतो, खाली गेल्यावर कोण कसा निसटतो, हे प्रत्येकाचे कर्म आधी कळू शकते. संयोग घडायचा असतो, म्हणून तो आधी कळत नाही.

यावर एक आक्षेप उरतो: दोघे पूर्वी अनेकदा भिडले असतील तर? जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत आलेले सदगीर आणि शैलेश शेळके दोघेही वस्ताद काका पवारांचे पठ्ठे होते. एकमेकांचे डाव त्यांना ठाऊक होते, तरी कुस्ती 3-2 अशी अटीतटीची झाली आणि सदगीरने हरलेल्या शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. इतकी ओळख असली की दोघेही एकमेकांच्या अपेक्षेवर उलट डाव रचतात. जुन्या भेटींतून मिळालेले ज्ञान अशा रीतीने नव्या भेटीतल्या क्रियेचाच भाग होते, आणि तिच्या बाहेर उभे राहून निकाल सांगण्याची जागा त्यालाही मिळत नाही.