प्रात्यक्षिक आणि प्रयोग

बारावीनंतर भौतिकशास्त्राची पदवी घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने अर्ज कोठे करावेत, याविषयी मार्गदर्शन मेळाव्यांत आणि वृत्तपत्रांच्या शिक्षणविषयक पानांवर दरवर्षी जे बोलले-लिहिले जाते, त्याला निवडीची चर्चा म्हणणे कठीण आहे. संस्थांची एक उतरंड तेथे आधीच रचून ठेवलेली असते : वरच्या टोकाला बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटी, त्यांच्या खाली सात आयसर, भुवनेश्वरचे नायसर आणि मुंबईचे मूलभूत विज्ञानांचे उत्कृष्टता केंद्र, मग पुण्या-मुंबईतील जुनी नावाजलेली महाविद्यालये आणि शेवटी 'इतर'. विद्यार्थ्याने आपले गुण या उतरंडीला लावून पाहावेत आणि ते जेथे अडतील तेथे प्रवेश घ्यावा, एवढाच त्या सल्ल्याचा मथितार्थ असतो. निवड येथे गुणपत्रिका करते, विद्यार्थी फक्त फॉर्म भरतो; आणि ज्या विषयाला आयुष्याची पाच-सात वर्षे द्यायची, त्या विषयाचे स्वरूप काय आहे हा प्रश्न या साऱ्या खटाटोपात एकदाही विचारला जात नाही.

या उतरंडीच्या समर्थनार्थ जे अनेक युक्तिवाद केले जातात, त्यांपैकी बहुतेकांची दखल एकेका वाक्यात घेता येण्यासारखी आहे. पदवीनंतरच्या नोकरीचा निकष भौतिकशास्त्राला लावणाऱ्याने मुळात दुसरा विषय घ्यावा. आधी अभियांत्रिकी आणि मग भौतिकशास्त्र, या सल्ल्याच्या पुष्ट्यर्थ होमी भाभांचे नाव घेतले जाते, पण केंब्रिजला यांत्रिक अभियांत्रिकीसाठी गेलेल्या एका भाभांवरून नियम सिद्ध होत नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्रमवारीचा आधार घ्यावा, तर ती अखंड महाविद्यालयाला क्रमांक देते. त्या महाविद्यालयाचा वाणिज्य विभाग उत्तम आणि भौतिकशास्त्र विभाग ओस असला तरी क्रमांक एकच राहतो. कोलकात्याच्या बहू बाजारात प्रेसिडेन्सी कॉलेजच्या सावलीत काम करणारे सी. व्ही. रामन, ढाक्याला शिकवणारे सत्येंद्रनाथ बोस ही उदाहरणे उलट बाजूने इतक्या वेळा दिली गेली आहेत की त्यांच्या पुनरुक्तीनेही काही सिद्ध व्हायचे नाही.

एक युक्तिवाद मात्र असा सहज निकालात काढता येत नाही, कारण तो विचारी माणसेही करतात. त्याला सोयीसाठी सहाध्यायींचा युक्तिवाद म्हणता येईल. त्याचे म्हणणे असे की विद्यार्थी प्राध्यापकांपेक्षा एकमेकांकडून अधिक शिकतात. सबब ज्या संस्थेत सर्वांत हुशार मुले एकत्र येतात ती संस्था, तिची प्रयोगशाळा कशीही असली तरी, सर्वांत चांगली. आणि हुशार मुले कोठे एकत्र येतात हे प्रवेशाच्या शेवटच्या गुणांवरून, म्हणजे रूढ भाषेत 'कटऑफ'वरून, कळते. वसतिगृहात रात्री दोन वाजता एखाद्या गणितावरून रंगणाऱ्या वादाचे मोल ज्याला ठाऊक आहे, त्याला या म्हणण्यातील तथ्य नाकारता येणार नाही. परंतु तथ्य असणे आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा असणे या भिन्न गोष्टी आहेत.

पहिली अडचण मोजमापाची आहे. आयसरच्या प्रवेशासाठी जी अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट घेतली जाते, तिच्या ६० प्रश्नांपैकी भौतिकशास्त्राचे प्रश्न १५ असतात; उरलेले ४५ जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांत सारखे वाटलेले असतात. तेव्हा या परीक्षेतील क्रमांकावरून भौतिकशास्त्राची जाण जितकी कळते, तितकीच जीवशास्त्राचीही कळते. चार मूलभूत विज्ञाने एकत्र शिकवणाऱ्या संस्थेने अशी परीक्षा घेणे योग्यच आहे, आणि पहिल्या वर्षी हे चारही विषय सर्वांना शिकावे लागत असल्याने ती सुसंगतही आहे. पण त्या क्रमांकावरून भौतिकशास्त्राचे सहाध्यायी निवडणे म्हणजे चार कलांत मिळून पहिला आलेला गायक सर्वांत सुरेल असणार असे मानणे होय. शिवाय आज शेजारी बसलेला तल्लख सहाध्यायी पुढच्या वर्षी पेशीविज्ञानाकडे वळला, तर ज्याच्या भरवशावर संस्था निवडली तोच भरवसा निघून जातो.

दुसरी अडचण कार्यकारणाची आहे. ज्या संस्थेत उत्तम विद्यार्थी शिरतात तिच्यातून उत्तम विद्यार्थी बाहेर पडणारच. या दोन टोकांच्या मध्ये संस्थेने काय केले, याचा पुरावा त्यातून मिळत नाही. हुशार मुले येतात म्हणून संस्था चांगली आणि संस्था चांगली म्हणून हुशार मुले येतात, हे चक्र एकदा फिरू लागले की त्याला संस्थेच्या आतल्या कोणत्याही गुणाची गरज उरत नाही.

परंतु खरी अडचण तिसरी आहे आणि ती मान्य केली की पहिल्या दोन सोडून दिल्या तरी चालतील. सहाध्यायी एकमेकांकडून शिकतात ते त्यांच्यात मतभेद असेल तेव्हा, आणि मतभेद तेव्हाच संभवतो, जेव्हा उत्तर आधी ठाऊक नसते. ज्या प्रयोगशाळेत उत्तर फळ्यावर लिहिलेले असते, तेथे वीस बुद्धिमान विद्यार्थी एकत्र बसवल्याने इतकाच फरक पडतो की ते उत्तर अधिक चलाखीने गाठले जाते. म्हणजे सहाध्यायींचा युक्तिवाद स्वतःच्या पायावर उभा राहू शकत नाही. संस्थेत विद्यार्थ्यांना करायला काय दिले जाते, या प्रश्नाचा आधार त्याला घ्यावाच लागतो, आणि ज्या प्रयोगशाळेला त्याने सुरुवातीलाच गौण ठरवले होते तिच्याच दारात तो परत येतो.

मराठीत या ठिकाणी एक सोयीचा भेद उपलब्ध आहे, जो व्यवहारात पुसट झाला आहे. प्रयोगशाळेच्या तासाला 'प्रात्यक्षिक' म्हणतात आणि त्या तासाला जे केले जाते त्याला 'प्रयोग'. प्रात्यक्षिक म्हणजे जे सिद्ध आहे ते प्रत्यक्ष डोळ्यांसमोर आणून दाखवणे. ते फसले तर दोष दाखवणाऱ्याचा. प्रयोग म्हणजे जे ठाऊक नाही ते हाताने विचारून पाहणे. त्यात अनपेक्षित आकडा आला तर तो दोष नसून विचाराची सुरुवात असते. नाटकाचाही प्रयोगच होतो, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे : संहिता छापलेली असते, तालमी झालेल्या असतात, तरीही आज रात्री तिसऱ्या अंकात काय होईल हे पडदा पडेपर्यंत ठरलेले नसते. यावरून असे दिसते की प्रयोग आणि प्रात्यक्षिक यांतील भेद उपकरणाच्या किमतीत नाही आणि विषयाच्या नावीन्यातही नाही.

बी.एस्सी.च्या प्रयोगशाळांत सर्रास आढळणाऱ्या बार पेंड्युलमचे उदाहरण पुरेसे आहे. भोके पाडलेली सुमारे एक मीटर लांबीची धातूची पट्टी एकेका भोकावर टांगून, तिच्या आंदोलनांचा काळ मोजून गुरुत्वीय त्वरण काढायचे, असा हा पाठ आहे. पुस्तकात उत्तर ९८० सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग असे असते. विद्यार्थ्याला ९७८ मिळाले की तो जर्नलमध्ये, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या वहीत, एखादे रीडिंग हळूच बदलून ९८० करतो, सही मिळवतो आणि तोंडी परीक्षेला निर्धास्तपणे जातो. आता पुस्तकातला तो आकडा मुळात ९८०.६६५ या प्रमाण मूल्याची काटछाट आहे, आणि ते मूल्य १९०१ मध्ये आंतरराष्ट्रीय संमतीने ठरवलेला, साधारण ४५ अंश अक्षांशाला लागू पडणारा संकेत आहे. पृथ्वी विषुववृत्ताकडे फुगलेली असल्याने आणि फिरत असल्याने पुण्याच्या अक्षांशावर आणि उंचीवर हे त्वरण ९७८ आणि ९७९ यांच्या दरम्यान पडते. विद्यार्थ्याने खोडलेला आकडाच सत्याच्या अधिक जवळ होता.

पण गोष्ट येथेही संपत नाही, आणि प्रयोग खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो. पट्टीच्या एका आंदोलनाला सुमारे १.६ सेकंद लागतात असे धरले, तर १०० आंदोलनांना १६० सेकंद लागतील; स्टॉपवॉच दाबण्यात ०.२ सेकंदाची चूक झाली तर ती आठशेत एक. आवर्तकाल सूत्रात वर्गाने येत असल्याने त्वरणाच्या मूल्यात ती दुप्पट, म्हणजे चारशेत एक, म्हणजेच जवळजवळ अडीच एकक. प्रमाण मूल्य आणि पुण्याचे मूल्य यांतील फरकही साधारण तेवढाच आहे. तेव्हा या पट्टीने पुणे आणि पॅरिस वेगळे ओळखता येतील काय, हा प्रश्न खुला राहतो. त्यासाठी किती वेळा मोजावे लागेल, कोणती चूक वारंवार मोजल्याने घटते आणि भोकाच्या कडेवरील घर्षणासारखी कोणती घटत नाही, हे ठरवावे लागते. हे ज्या वर्गात विचारले जाते तेथे काही शेकड्यांत मिळणारी पट्टी प्रयोग होते, आणि विचारले जात नाही तेथे आयात केलेले लाखो रुपयांचे यंत्रही प्रात्यक्षिकच राहते.

या भेदाने उतरंड उलटी होते असे मात्र समजू नये. आयसरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात शेवटचे वर्ष प्रबंधाला दिलेले असते, ही सोय तीन तासांच्या बॅचमध्ये आणि विद्यापीठाच्या ठरीव यादीत अडकलेल्या संलग्न महाविद्यालयाला सहसा परवडत नाही. पण पाचव्या वर्षी प्रयोग करायला मिळेल म्हणून पहिली चार वर्षे प्रात्यक्षिकांत गेली तर चालतील, हे कोणी ठरवले? आणि स्वायत्त महाविद्यालयाला आपला अभ्यासक्रम व परीक्षा ठरवण्याची जी मुभा असते, ती तेथील विभागाने प्रयोगशाळेसाठी वापरली की केवळ विषयपत्रिकांची नावे बदलण्यासाठी, हे नावाजलेपणावरून समजत नाही. प्रवेशपरीक्षा या बाबतीत मुक्या आहेत. आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये ५० पैकी २० गुण प्रयोगाला असतात. देशातील मोठ्या प्रवेशपरीक्षांत हाताने केलेल्या प्रयोगाला एकही गुण नाही, आणि क्लासशी संधान बांधलेल्या 'इंटिग्रेटेड' कनिष्ठ महाविद्यालयांतून आलेल्या पुष्कळ मुलांनी दोन वर्षांत प्रयोगशाळेचे कुलूप उघडलेले पाहिलेलेही नसते.

म्हणून अर्ज करण्यापूर्वी संस्था पाहायची झाली, तर ती २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या गर्दीत पाहून उपयोग नाही. त्या दिवशी सर्वत्र प्रात्यक्षिकेच असतात, आणि ती असावीतही. एखाद्या साध्या मंगळवारी, दुसऱ्या वर्षाची बॅच चालू असताना जावे, टेबलावर पडलेली चार-पाच जर्नल्स परवानगीने चाळावीत आणि बार पेंड्युलमचे पान काढावे. सर्वांत ९८० असेल, तर त्या विभागाविषयी समजण्यासारखे बहुतेक समजले. एकात ९७६, दुसऱ्यात ९८३, तिसऱ्यात ९७८ आणि प्रत्येकापुढे संभाव्य चूक मांडलेली असेल, कोठे तांबड्या शाईत सहीऐवजी प्रश्नचिन्ह असेल, तर लॅब असिस्टंटला आणखी एक गोष्ट विचारावी : उपकरण बिघडले की ते कपाटात ठेवून डेड स्टॉक रजिस्टरात नोंद होते, की विद्यार्थ्यांसमोर उघडले जाते?