व्यसनावर उपचार करणारा माणूस कसा शोधावा

व्यसनाच्या उपचारात चार प्रकारची माणसे काम करतात. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मानसोपचाराचे शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि औषधे लिहून देण्याचे काम त्याचे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने मानसशास्त्रातल्या पदवीनंतर रुग्णालयात प्रशिक्षण घेतलेले असते आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी असते. तो गोळ्या देत नाही. विचार, सवयी आणि वागणूक यांच्यावर बोलण्यातून काम करतो. समुपदेशक बहुधा मानसशास्त्रात एमए किंवा एमएसडब्ल्यू झालेला असतो, पण या पाटीवर कायद्याची पकड सैल आहे. सहा आठवड्यांचा कोर्स केलेलाही ती दारावर लावू शकतो. चौथा म्हणजे स्वतः व्यसनातून बाहेर पडून इतरांसाठी काम करणारा कार्यकर्ता. त्याच्याकडे पदवी नसते, पण पेशंट कुठल्या वेळी कुठली थाप मारतो हे त्याच्याइतके कोणालाच कळत नाही.

घरचे लोक या चौघांपैकी एकालाही शोधत नाहीत. ते ‘केंद्र’ शोधतात. कुठे ॲडमिट करता येईल, किती दिवस ठेवतील, किती पैसे घेतील, हेच पहिले तीन प्रश्न असतात. त्यामागची अगतिकता समजण्यासारखी आहे. प्रकरण केंद्रापर्यंत जाते तोवर नोकरी गेलेली असते, दागिने मोडलेले असतात आणि घरातल्या कोणालाच कित्येक रात्री नीट झोप मिळालेली नसते. पण प्रश्न चुकीचा असला की उत्तरही त्याच जातीचे मिळते. व्यसनाचा उपचार दोन-तीन वर्षे चालतो आणि त्यातला मोठा भाग घरी राहूनच व्हायचा असतो. त्या काळात सोबत राहील असा माणूस शोधणे हे खरे काम. भरती हा त्यातला एक टप्पा आहे आणि अनेकांना त्याची गरजही पडत नाही.

बहुतेकांचा शोध मुळात इथवर येतच नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळाल्याचे आणि भरती होऊन उपचार घेणारा १८० जणांत एकच असल्याचे त्यात दिसले. उरलेले काय करतात? काही जण माळ घालतात. पंढरीची माळ घालून दारू सुटलेली माणसे गावोगाव भेटतात आणि त्यांची चेष्टा करण्याचे कारण नाही. एकादशी, भजन, वारी यांतून नवी संगत मिळते आणि जुने अड्डे सुटतात. मात्र रोज खंबा रिचवणारे शरीर माळेच्या दिवशी काय करील, याचे उत्तर माळेत नसते.

शरीराचा प्रश्न पहिला. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, आपण कुठे आहोत याचे भान सुटते. या अवस्थेत जीवही जातो. म्हणून असा माणूस “आजपासून सोडली” म्हणाला की त्याच दिवशी त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा निदान सरकारी रुग्णालयात नेले पाहिजे. तिथे बेंझोडायझेपीन गटातली औषधे आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हे दिवस सुखरूप पार पाडता येतात. गर्द बंद केल्यावरचा त्रास, म्हणजे ‘टर्की’, याच्या उलट असतो. अंग मोडून निघते, जुलाब-उलट्या होतात, पण एरवी धडधाकट असलेला माणूस त्याने क्वचितच दगावतो. गर्दमध्ये धोका नंतरचा असतो. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि जुन्याच मात्रेचा डोस जिवावर बेततो. हे केंद्रातून घरी सोडण्याच्या दिवशी पेशंटला आणि घरच्यांना स्पष्ट सांगणारा उपचारक आपले काम जाणतो असे धरायला हरकत नाही.

औषधांबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक म्हणजे “एका नशेच्या जागी दुसरी नशा”. दारूची ओढ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधे वापरतात आणि त्यांची नशा होत नाही. अफूवर्गीय व्यसनात देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन देतात. त्याने माणूस सुया आणि चोऱ्यामाऱ्यांपासून दूर राहतो, कामावर जाऊ शकतो. दुसरे टोक एसटी स्टँडच्या आणि लोकल डब्यांच्या भिंतींवर चिकटवलेले असते : पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा. अशा पुड्यांत नेमके काय असते ते कोणी सांगत नाही. न कळता औषध देणे किती घातक ठरू शकते हे दारू सोडवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डायसल्फिरामवरून कळते. त्याचा दारूशी होणारा झगडा १९४८ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी जगापुढे मांडला. ही गोळी घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, धडधड वाढते, रक्तदाब कोसळू शकतो. परिणाम माहीत असलेल्या आणि स्वतः तयार झालेल्या पेशंटला ती उपयोगी पडते. आमटीतून गुपचूप दिली तर तो विषप्रयोगच. असा सल्ला देणारा माणूस डॉक्टर असला तरी त्याची पायरी पुन्हा चढू नये.

शरीर सावरले की बोलण्याचा उपचार सुरू होतो. इथे कोणती पद्धत उत्तम यावर तज्ज्ञांमध्ये बरेच वाद झाले. अमेरिकेत १९९०च्या दशकात ‘प्रोजेक्ट मॅच’ नावाचा मोठा प्रयोग झाला. १७२६ पेशंट तीन उपचारांत वाटले गेले : विचार आणि वर्तन बदलण्याचा, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या वाटेला लावणारा आणि पेशंटची स्वतःची इच्छा जागवणारा. कोणाला कोणता उपचार मानवेल याचे नियम हाती लागतील अशी अपेक्षा होती. निघाले असे की तिन्हींचा गुण जवळपास सारखा. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाला त्याआधीच आणखी एक गोष्ट दिसली होती. एकच उपचार देणाऱ्या समुपदेशकांत जे पेशंटचे म्हणणे समजून घेत त्यांचे पेशंट पुढे कमी पीत. समोरच्याला बोलते करून बदलाची कारणे त्याच्याच तोंडून वदवून घेण्याची पद्धत मिलरने १९८३ मध्ये मांडली. आपल्याकडे अजूनही पेशंटला दहा जणांसमोर उभे करून झापणे हाच उपचार मानणारे पुष्कळ आहेत. झापून दारू सुटत असती तर ती सासऱ्यानेच सोडवली असती.

याहून बोलका पुरावा गोव्यातला आहे. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘संगत’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली. घातक प्रमाणात, पण अजून पूर्ण आहारी न जाता पिणारे ३७७ पुरुष तिच्यात होते. निम्म्यांना केंद्रातली नेहमीची सेवा मिळाली आणि उरलेल्यांना त्याखेरीज समुपदेशनाच्या एक ते चार बैठका. समुपदेशक होते मानसोपचाराची पदवी नसलेली, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटात ३६ टक्के पुरुष धोक्याच्या रेषेखाली आले होते, दुसऱ्या गटात २६ टक्के. निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. फरक डोळे दिपवणारा नाही, पण इतक्या स्वस्तातल्या उपचारासाठी फार मोठा आहे. सुरुवातीच्या टप्प्यावर असलेल्याला मोठ्या शहरातला नामांकित डॉक्टर मिळाला नाही म्हणून अडून राहण्याचे कारण नाही. जवळचा, भाषा जाणणारा, नीट शिकवलेला माणूस पुरतो.

असा माणूस पारखायला पहिल्या एक-दोन भेटी पुरेशा असतात. किती आणि कधीपासून एवढ्यावर तो थांबतो, की झोप, उदासी, कर्ज, घरातली भांडणे, आत्महत्येचे विचार यांचीही चौकशी करतो, ते पाहावे. व्यसनाखाली नैराश्य किंवा दुसरा मानसिक आजार दडलेला असणे नित्याचे आहे आणि तो नजरेतून सुटला की दारूही परत येते. गरज पडल्यास कोणत्या मनोविकारतज्ज्ञाबरोबर काम करता, घरच्यांना कधी बोलावता, पेशंट पुन्हा प्यायला तर काय करता, हे त्याला सरळ विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. “मग माझ्याकडे आणू नका” म्हणणाऱ्याला हा आजारच कळलेला नाही. खात्रीने, कायमची, इतक्या दिवसांत असे सांगणाऱ्यापासूनही लांब राहावे.

भरतीची गरज कोणाला? ज्याला आधी फिट किंवा भास झाले आहेत, ज्याचा जीव धोक्यात आहे, ज्याच्या घरात किंवा वस्तीत राहून एक दिवसही कोरडा जाणे शक्य नाही, त्याला. महाराष्ट्रात याची जुनी आणि चांगली परंपरा आहे. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत कृपा फाउंडेशन सुरू केले. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक पाठबळावर ‘मुक्तांगण’ उभे केले, तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. मुक्तांगणमध्ये बरे झालेले पेशंटच पुढे कार्यकर्ते झाले. स्त्रियांच्या व्यसनाकडे आपला समाज पाहायलाही तयार नसतो. त्यांच्यासाठी तिथे ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग निघाला.

या नावांच्या आडोशाने गल्लोगल्ली दुसऱ्या जातीची केंद्रेही उगवली आहेत. ती रात्री गाडी पाठवतात, चार जण पेशंटला उचलून नेतात आणि तीन महिने घरच्यांना भेटू देत नाहीत. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा अशा वेळी उपयोगी पडतो. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था या कायद्याच्या व्याख्येत येतात, म्हणून पेशंटला भरती करून मानसोपचार देणाऱ्या केंद्राची राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी असावी लागते. कोणालाही साखळीने बांधणे, सक्तीने टक्कल करणे बेकायदा आहे. पेशंटची संमती नसताना दाखल करायचे तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो आणि दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते. त्यातला एक मनोविकारतज्ज्ञच हवा आणि अशी भरती पहिल्या वेळी तीस दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. केंद्र पाहायला गेल्यावर नोंदणीचे प्रमाणपत्र मागावे, डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात ते विचारावे, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली पाहावी. आत जाऊ देत नसतील तर तिथूनच परत फिरावे.

अमली पदार्थांच्या बाबतीत पोलिसांची भीती उपचाराच्या आड येते. उपचारकाला सांगितलेली माहिती गोपनीय असते आणि ती मालकाला किंवा शेजाऱ्याला देता येत नाही. शिवाय १९८५च्या एनडीपीएस कायद्याचे कलम ६४-अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतले तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मात्र उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढूनही घेता येते.

घरच्यांनी स्वतःसाठीही समुपदेशक गाठावा, पेशंट तयार नसला तरी. बायको ऑफिसात खोटा फोन करून “ताप आलाय” सांगते, आई गुपचूप उधारी फेडते, आणि त्यामुळे पिण्याची किंमत पिणाऱ्याला कधी मोजावीच लागत नाही. हे थांबवायचे कसे आणि तरी नाते टिकवायचे कसे, हे शिकावे लागते. मुक्तांगणचा ‘सहचरी’ हा पत्नींचा गट आणि पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी भरणाऱ्या अल्-ॲनॉनच्या सभा यासाठीच आहेत. मारहाण होत असेल तर मात्र आधी सुरक्षित जागा, समुपदेशन नंतर.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात दोन दारुड्यांच्या भेटीतून सुरू झाली. तिच्या मराठी सभा आज शाळांच्या वर्गांत आणि चर्चच्या खोल्यांत भरतात. फी नाही, नाव सांगण्याची सक्ती नाही. देवावर फार भर आहे म्हणून काहींना ती मानवत नाही, त्यांनी ओढून-ताणून जाऊ नये. पण रात्री अकरा वाजता तलफ आली तर फोन उचलणारा माणूस फी घेणाऱ्या समुपदेशकांत क्वचितच भेटतो, तो इथे भेटतो.

सुरुवात कुठून करावी हे सुचत नसेल तर जिल्हा रुग्णालयाचा किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग गाठावा, गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक देशभर निःशुल्क चालतो. तालुक्याच्या गावी तज्ज्ञ नसेल किंवा परदेशात मराठी बोलणारा मिळत नसेल तर व्हिडिओ कॉलवरचे समुपदेशन चालते. दारू तोडण्याचे पहिले दिवस मात्र पडद्यावरून सांभाळता येत नाहीत.

एका समुपदेशकाशी सूर जुळला नाही तर दुसरा शोधण्यात गैर काही नाही. फक्त हे ठरवण्याची वेळ निवडावी. त्याने नको तो प्रश्न विचारला त्याच आठवड्यात पेशंटला तो नावडू लागतो, हा नेहमीचा अनुभव आहे. अशा वेळी तक्रार आधी त्याच्यासमोरच मांडावी आणि आणखी दोन-तीन बैठका द्याव्यात. तरीही जमले नाही तर त्याच्याकडूनच दुसऱ्याचे नाव घ्यावे, जुने कागद सोबत न्यावेत आणि चालू गोळ्या मध्येच बंद करू नयेत. स्लिप झाल्यावरही, म्हणजे सुटल्यावर पुन्हा प्यायल्यावरही, हेच. ज्याच्याकडे उपचार चालू होते त्याच्याकडे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जावे, कारण एका रात्रीच्या पिण्यातून परत यायला लाज आड आली की त्याचे महिने होतात.