समुपदेशक मंडळीतलाच असतो

चर्चमध्ये बायबलच्या आधारे समुपदेशन मिळतं असं ऐकलं, की काहींना वाटतं, पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील आणि घरी पाठवतील. काहींना वाटतं, मानसोपचारतज्ज्ञाकडे पैसे भरून जे मिळतं, तेच इथे फुकट मिळेल. दोघांचीही निराशा होते. हे काम मंडळीचं आहे, दवाखान्याचं नाही. एवढं एक ध्यानात घेतलं, की तिथे काय मिळेल, आपल्याकडून काय मागितलं जाईल आणि कुठे थांबावं लागेल, हे त्यातूनच उलगडत जातं.

बायबलच्या आधारे समुपदेशन या नावाने आज चालणारी पद्धत अमेरिकेत घडली. फिलाडेल्फियाजवळच्या वेस्टमिन्स्टर सेमिनरीत शिकवणारे जे अ‍ॅडम्स यांचं ‘कॉम्पिटन्ट टू काउन्सेल’ हे पुस्तक १९७० साली आलं. मंडळीने आपल्याच माणसांची दुःखं परक्यांच्या हाती सोपवली, अशी त्यांची तक्रार होती. पवित्र शास्त्र जाणणारा विश्वासी माणूस दुसऱ्याला सावरू शकतो, असं त्यांनी ठासून मांडलं. पापावर मात्र त्यांचा इतका भर होता, की सोसणाऱ्याचं सोसणं मागे पडे. पुढच्या पिढीत डेव्हिड पॉलिसन यांच्यासारख्यांनी त्याला जागा करून दिली. मला ही दुरुस्ती फार मोलाची वाटते.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते पाहू. बहुतेक ठिकाणी फी नसते. आधी एक फॉर्म भरून घेतात: आजार, औषधं, झोप, घरची परिस्थिती, उपासनेला येणं-जाणं. मग साधारण आठवड्यातून एकदा तासभर बैठक. शिकाऊ समुपदेशक किंवा मंडळीतले एखादे वडीलधारे सोबत बसू शकतात. बाई बोलायला येणार असेल तर समोर बाईच असावी, असा आग्रह जरूर धरावा. आणि गृहपाठ मिळतो. एखादं स्तोत्र रोज वाचा, भांडण कशावरून पेटलं ते लिहून ठेवा, ज्याचं मन दुखावलं त्याच्याकडे जाऊन क्षमा मागा. नुसतं बरं वाटावं म्हणून आलेल्याला हे जड जातं, कारण इथे अपेक्षा बदलण्याची असते.

दवाखान्यातलं नातं खोलीच्या दाराशी संपतं. इथे तोच माणूस रविवारी आपल्या पलीकडच्या बाकावर बसलेला असतो, प्रभुभोजनाला आपल्याबरोबर पुढे येतो. हा मोठा आधार आहे. पण तेच ओझंही होऊ शकतं. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात चुकणाऱ्या भावाशी आधी एकांतात, मग एकदोघांना घेऊन आणि शेवटी मंडळीपुढे बोलण्याचा क्रम सांगितला आहे. तो मानणाऱ्या मंडळ्या संपूर्ण गुप्ततेचं वचन देत नाहीत. म्हणून पहिल्याच बैठकीत स्पष्ट विचारावं: माझं बोलणं कोणाकोणाच्या कानी जाईल? हा प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे.

समुपदेशक कसा ओळखावा? ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. तोंड उघडून त्यांनी ईयोबाच्या दुःखाचं कारण त्याच्याच पापात शोधलं आणि शेवटी देवाचा कोप ओढवून घेतला. ऐकून घेण्याआधीच वचन काढून दाखवणारा समुपदेशक त्यांच्याच वाटेवर आहे.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट तर मला या साऱ्या कामाचा पाया वाटते. रतामाच्या झुडुपाखाली बसून तो मरण मागत होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, तो पुन्हा निजला, दूताने पुन्हा उठवून जेवू घातलं. ‘तू इथे काय करतोस’ हा प्रश्न त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, होरेब डोंगरावर आला. शरीराचीही दखल शास्त्रच घेतं. म्हणून चांगला समुपदेशक आधी डॉक्टरकडे जाऊन यायला सांगतो. गोळ्या बंद करायला तो कधीच सांगणार नाही. कुणी तसं सांगितलं, तर तिथून उठावं.

मंडळीच्या अधिकारालाही सीमा आहेत. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. पाळकही त्याला अपवाद नाहीत. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘अधीन राहा’ एवढंच सांगून परत पाठवणं हा माझ्या मते वचनाचा दुरुपयोग आहे. आधी ती सुरक्षित झाली पाहिजे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिच्या पाठीशी आहे, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. जीव द्यावासा वाटत असेल, तर पुढच्या बैठकीची वाट पाहू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही फोन करता येतो, आणि तिथे मराठीतही बोलता येतं. आधी तो फोन करा, मग पाळकांनाही बोलावून घ्या.