मत्ता कीं देणें?

सांप्रत मोठमोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांतून एक नवी भाषा वाचावयास मिळते. नोकरांचें आरोग्य ही धंद्याची मत्ता होय; यंत्रांची निगा राखावयाची तशी तिचीही राखावी व तिचा हिशेब ठेवावा, असें ही भाषा सांगते. तिच्यामागील हेतु चांगला आहे, हें आम्ही प्रथमच कबूल करितों. जें वहींत चढत नाहीं तें मालकाच्या नजरेस पडत नाहीं. आणि हिशेबाच्या धाकानें कां होईना, एखाद्या कारखान्यांत थंड पाणी व विसाव्याची खोली आली, तर तीस नाक मुरडण्याचें कारण नाहीं. परंतु 'मत्ता' हा शब्द वाटतो तितका निरुपद्रवी नव्हे, आणि दिव्यासारख्या गांवांतून रोज मुंबईच्या चाकरीस जाणाऱ्या माणसाच्या बाजूनें तो तपासून पाहणें आम्हांस अवश्य वाटतें.

हिशेबशास्त्राच्या मतें मत्ता म्हणजे जिच्यावर धंद्याचा ताबा आहे व जिच्यापासून पुढें लाभ व्हावयाचा आहे अशी वस्तु. आपल्या देशांतील लेखामानकांपैकीं इंड एएस 38 यांत असें स्पष्ट म्हटलें आहे कीं, कुशल नोकरवर्गापासून होणाऱ्या लाभावर धंद्याचा पुरेसा ताबा सहसा नसतो. सबब तो वर्ग ताळेबंदांत मत्ता म्हणून बहुधा दाखवितां येत नाहीं. नोकर उद्यां राजीनामा देऊन चालता होऊं शकतो, ही त्यांतील मेख. एका कोरड्या नियमाच्या पोटीं माणसाच्या स्वातंत्र्याची ही पावती पाहून आम्हांस तरी बरें वाटलें. माणसें खरोखरच मत्तेच्या बाजूस मांडलीं जात असा काळ होऊन गेला आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील कापसाच्या मळेवाल्यांकडे छापील वह्या असत. त्यांत प्रत्येक गुलामाची वर्षारंभींची व वर्षअखेरची किंमत भरावयाची असे. आजच्या कंपन्या त्या पंक्तीस बसवाव्या असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र शब्द कोणत्या वहींतून आला आहे याची आठवण असावी.

आतां हा ताबा कोठें सुरू होतो तें पाहूं. दिवा हें मुंब्र्यापुढील जंक्शन. येथून एक फांटा पनवेलीकडे व एक वसईकडे जातो. मुंबईपेक्षां खोली स्वस्त, म्हणून येथें चाळींस चाळी लागत गेल्या. डिसेंबर 2016 पासून जलद गाड्या थांबूं लागल्या, 2022 सालीं ठाणें ते दिवा असे पांचवा व सहावा हे मार्ग खुले झाले. तरीही कल्याणकडून भरून आलेल्या गाडींत सकाळीं पाय ठेवणें हीच येथील माणसाची दिवसाची पहिली मजुरी, आणि ती बिनपगारी. दिव्याहूनच सुटणारी गाडी मिळावी, ही येथील लोकांची मागणी जुनी आहे. 9 जून 2025 रोजीं, सोमवारीं सकाळीं, दिवा व मुंब्रा यांच्यामधील वळणावर दोन गाड्या शेजारून जात असतां दारांत लोंबकळणारे प्रवासी खालीं पडले व त्यांतील कांहीं प्राणास मुकले. कंपनीच्या आरोग्याचा हिशेब फाटकाच्या आंत सुरू होतो. तेथें नोकराचा रक्तदाब मोजतात, योगासनें शिकवितात; तो रक्तदाब जेथें वाढला तें स्टेशन कोणाच्याच वहींत नाहीं.

आमच्या मतें आरोग्य ही मालकाची मत्ता नव्हे; ती नोकरानें सकाळीं मालकाकडे ठेविलेली ठेव आहे, म्हणून ती देण्याच्या बाजूस पडते. हा विचार आमचा नवा नाहीं. ठाण्यास जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनीं 1884 सालीं गिरणी कामगारांच्या वतीनें ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुटी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांति यांबरोबर जखमी कामगारास बरा होईपर्यंत वेतन मिळावें हेंही होतें. हें हक्काचें मागणें होतें. सुदृढ कामगार अधिक सूत काढील, या आशेवर तें टेकलें नव्हतें. जुलै 2025 मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही, पहाऱ्यावर जातांना वाटेंत मेलेल्या साखर कारखान्याच्या एका रखवालदाराच्या दाव्यांत, कामाशीं संबंध जुळत असेल तर घरापासून कामापर्यंतच्या वाटेवरील अपघातही नोकरीच्या ओघांतच धरला पाहिजे, असें ठरविलें.

कोणी म्हणेल, नांव कांहींही द्या, नोकराची काळजी घेतली गेली म्हणजे झालें. तसें होत नाहीं. मत्ता जुनी झाली, दुरुस्तीचा खर्च नव्या खरेदीहून जड झाला, कीं शहाणा व्यापारी ती मोडींत काढतो. त्यांत त्यास कोणी दोष देत नाहीं. पंचावन्न वर्षांचा, दम लागणारा शिपाई दुरुस्त करण्यापेक्षां फलाटावर उभा असलेला बावीस वर्षांचा तरुण स्वस्त पडतो, आणि दिव्याच्या फलाटावर असे तरुण कधींच कमी नसतात. देणें मात्र फायद्याचें राहिलें नाहीं म्हणून बुडवितां येत नाहीं.

बाजारांत नोंदलेल्या पहिल्या एक हजार कंपन्यांस सेबीच्या नमुन्यांत आपल्या नोकरांच्या स्वास्थ्याविषयीं माहिती द्यावी लागते, आणि त्यावर झालेला खर्च एकूण महसुलाच्या शेंकडा किती, हाही त्यांतील एक आंकडा आहे. जूनच्या त्या अपघातानंतर मध्य रेल्वेनें मुंबईंतील कचेऱ्यांस कामाच्या वेळा पुढेंमागें करण्याची विनंती केली. दहाच्या ऐवजीं साडेअकरास हजेरी घेण्यास बहुतेक कचेऱ्यांस एक पैसाही पडणार नाहीं. अर्थात् जी कचेरी तसें करील तिच्या अहवालांतील तो शेंकडा तसूभरही वाढावयाचा नाहीं.