शेवट न दिसणारा लढा

सोलापूरहून तुळजापूरकडे निघाले की वाटेत तामलवाडी लागते. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनास जाताना वसईचे आम्ही काही जण तेथे चहाला थांबलो होतो. केळीच्या वाड्यांत वाढलेल्या आमच्या डोळ्यांना तो उघडा माळ परका वाटला. संमेलनाचे अध्यक्ष मात्र आमच्याच मातीतले होते: फादर फ्रान्सिस दिब्रिटो.

एका धर्मगुरूने त्या पदावर बसावे, यास विरोध झाला होता. प्रकृतीही साथ देत नव्हती. तरी फादर आले, बोलले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीमार्फत विहिरींतला टँकरचा उपसा आणि वाड्या गिळणाऱ्या इमारती यांविरुद्ध त्यांनी आवाज उठविला, तेव्हा हवामानबदल हा शब्द आमच्या घरांत पोहोचलाही नव्हता. वसईचा बराच हिरवा भाग पुढे त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. ते मात्र बोलतच राहिले.

पोप फ्रान्सिस यांचेही तसेच. २०१५ साली त्यांनी 'लाउदातो सी' हे विश्वपत्र लिहिले. जगाचा प्रतिसाद अपुरा पडला, हे आठ वर्षांनी, वयाच्या ८६व्या वर्षी, 'लाउदाते देउम'मध्ये त्यांनी स्वतःच मान्य केले. त्याच वर्षी दुबईच्या हवामान परिषदेस जाण्याचा त्यांचा निश्चय होता. आजारपणामुळे वैद्यांनी अडविले. फादर २०२४ मध्ये गेले, पोप महोदय २०२५ मध्ये.

ज्याचा शेवट आपण पाहणार नाही, त्यासाठी म्हाताऱ्या माणसाने का झिजावे? नबो डोंगरावरचा मोशे आम्हांस आठवतो, आणि उत्तर सोपे वाटू लागते. परंतु अवघड प्रश्न त्यांच्याविषयी नाही. फादर लढत आहेत, या समाधानावर आम्ही किती वर्षे काढली? सभेला गेलो, टाळ्या वाजविल्या आणि घरी येऊन वाडीचा सौदा केला. मुलांची शिक्षणे, लग्ने, आजारपणे होती; सगळाच लोभ नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. पण दुसऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर आपण उधारीने जगू शकतो काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव जिल्ह्यात भूम, परंडा भागांत पुराने शेतांतली माती खरवडून नेली. एका पुरावरून निवाडा करू नये, हे खरे. तथापि तापमान एक अंशाने वाढले की हवेत सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते आणि ते कोसळते तेव्हा एकदम कोसळते. ज्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी गाडी नाही, वातानुकूलन यंत्र नाही, त्याने या उष्म्यात कितीशी भर घातली असेल? किंमत मात्र त्याच्या बांधावर वसूल होते.

तामलवाडीला चहा देणाऱ्या गृहस्थांनी आम्हांस सहज विचारले होते, "वसईला पाणी भरपूर असेल, नाही का?"

आम्ही होय म्हणालो. त्या आठवड्यात आमच्या इमारतीत टँकर आला होता.