श्रीमंतीचा टेकू

रावेर तालुक्यातल्या एका गावात बारावीचा एक मुलगा रोज पहाटे चारलाच जागा व्हायचा. छाती धडधडायची, पुस्तक उघडलं तरी डोक्यात काही शिरायचं नाही. जेवण कमी झालं, मित्र तुटले. ओट्यावर बसलेली शेजारीण एकदा हळूच म्हणाली, "काकावर गेला. त्यांच्या रक्तातच आहे ते."

काका वीस वर्षं मागच्या खोलीत पडून होता. पोराने ते बोलणं ऐकलं आणि मनाशी धरलं : आपलीही खोली ठरली.

आजोबा त्याला केळीच्या बागेत घेऊन गेले. शेतभर टिश्यू कल्चरची ग्रँड नैन, पण विहिरीजवळ आजोबांनी जुन्या वाणांची चार खोडं हौसेने राखली होती. दोन बुटकी बसराई, दोन उंच श्रीमंती.

"वादळात आधी कोण पडतं?"

"श्रीमंती. उंच आहे ना."

"मंग म्या श्रीमंती लावणं सोडलं का?"

पोराने पाहिलं. बसराई तशीच उभी होती. श्रीमंतीला मात्र घड निसवायच्या आधीच बांबूचा टेकू दिलेला होता.

"वाण कळला की टेकू कधी द्यायचा ते कळतं," आजोबा म्हणाले. मग आवाज खाली आला. "तुझ्या काकाच्या वेळी मले नाही कळलं. भगताकडे नेलं, पाहुण्यांपासून लपवलं. टेकू द्यायच्या वेळी म्या दार लावून घेतलं."

दुसऱ्याच दिवशी दोघे जळगावला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. पोराने पहिला प्रश्न रक्ताचाच विचारला.

डॉक्टर म्हणाले, "ताण आला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते बहुतेक सगळ्यांचंच चढतं. पुरेसं झालं की मेंदू नळ बंद करतो. एफकेबीपी५ नावाच्या जनुकाचा एक प्रकार असलेल्यांचा नळ जरा उशिरा बंद होतो. पण तेवढ्याने नैराश्य येत नाही. त्यात लहानपणचा मोठा आघात पडला, तर धोका वाढतो. शिवाय अशी जनुकं पुष्कळ आहेत, एकेकाचा वाटा चिमूटभर. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा एकूण वाटा साधारण ३७ टक्के निघाला. बाकीचं वारं-पाणी. त्यावर आपल्याला काम करता येतं."

त्यांनी पुढची तारीख दिली आणि कागदावर टेलिमानस हेल्पलाइनचा नंबर लिहिला : १४४१६. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर फुकट बोलता येतं.

घरी आल्यावर पोरगा मागच्या खोलीत गेला. खिडकी उघडली, खाटेच्या कडेला बसला.

"काका, पुढच्या खेपेला तुम्हीही चला."

"मले आता काय रे? उशीर झाला."

"घड लागून झाड कललं, तरी आजोबा टेकू देतातच की."

काका बराच वेळ छताकडे पाहत राहिला. मग त्याने विचारलं, "गाडी किती वाजताची असते?"