सत्याची तीन अक्षरं

हिब्रूत सत्याला 'एमेत' म्हणतात. अलेफ, मेम, ताव ही त्याची तीन अक्षरं. उर्दू शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना ती परकी वाटत नाहीत. आपल्या अलिफ, मीम, तेची ती भावंडंच. ज्यू धर्मपंडित सांगतात की, ही वर्णमालेतली पहिलं, मधलं आणि शेवटचं अक्षर आहेत. सत्य आरंभापासून अंतापर्यंत हवं. अलेफ पुसलं की 'मेत' उरतं, म्हणजे मेलेला. आपला 'मय्यत' शब्द त्याच कुळातला.

आमची हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होती, आणि परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. रझाकारांच्या जुलमाची गोष्ट निघाली की आपल्यातले काही जण ती अफवा ठरवतात. मग 'इम्रोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये कुणी मारलं? रझाकारांना विरोध करणारा हा मुसलमानच होता.

दुसरीकडे, पोलीस अ‍ॅक्शननंतर मराठवाड्यात झालेली मुसलमानांची कत्तल १७ सप्टेंबरच्या भाषणांत सहसा ऐकू येत नाही. पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. तो अहवाल कित्येक दशकं दडून राहिला. आकड्यावर वाद जरूर घालावा. पण त्याच अहवालात मुसलमान विणकरांना वाचवताना जीव गमावलेल्या हिंदू विणकरांची नोंद आहे. कत्तल झालीच नाही, तर त्यांनी कुणाला, कशापासून वाचवलं?